राग विकत मिळतो, संघटना विकत मिळत नाही : 'रेज अगेन्स्ट द मशीन'चा धडा

२०१२ साली अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाने उपाध्यक्षपदासाठी पॉल रायन यांना उभं केलं. गरिबांच्या योजनांना कात्री आणि श्रीमंतांना करसवलत, हे त्यांचं अर्थकारण. या गृहस्थांचा आवडता बँड कोणता? 'रेज अगेन्स्ट द मशीन'! संगीत आवडतं, शब्द आवडत नाहीत, असा त्यांचा सूर होता. बँडचा गिटारिस्ट टॉम मोरेलो याने 'रोलिंग स्टोन' मासिकात लेख लिहून उत्तर दिलं. ज्या यंत्राविरुद्ध आम्ही गातो, ते यंत्र म्हणजे रायनच, असा त्या लेखाचा मथितार्थ होता.

मित्रांनो, आपल्याकडच्या पॉल रायनांना शोधायला लांब जायची गरज नाही. ते कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये भेटतात, आयटी पार्कच्या कँटीनमध्ये भेटतात. अंगात 'रेज'चा काळा टी-शर्ट असतो, 'किलिंग इन द नेम' तोंडपाठ असतं, अमेरिकेतल्या काळ्यांवर पोलिसांनी केलेल्या अत्याचाराबद्दल स्टेटस ठेवलेलं असतं. पण आरक्षणाचा विषय निघाला की लगेच 'मेरिट' आठवतं. गावात बौद्धांच्या वस्तीवर हल्ला झाला की 'दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत' हे शहाणपण सुचतं. यांचं 'मशीन' कायम परदेशात असतं. स्वतःच्या घरातलं, आडनावातलं, लग्नाच्या जाहिरातीतलं मशीन त्यांना दिसत नाही.

पण हा लेख फक्त त्यांच्यासाठी लिहिलेला नाही. आपल्यातही या बँडबद्दल दोन चुकीची मतं आहेत. एक मत जुन्या कार्यकर्त्यांचं : हे गोऱ्यांचं, श्रीमंतांचं संगीत, आपला काय संबंध? दुसरं मत तरुणांचं : हीच खरी क्रांती, एवढा राग दाखवला की काम झालं. दोन्ही मतं चळवळीचं नुकसान करणारी आहेत. या बँडने काही गोष्टी अशा केल्या की त्या आपण शिकायला हव्यात. आणि एका ठिकाणी तो असा कोसळला की तो धडा आपण सगळ्यात आधी घ्यायला हवा.

गोऱ्यांचं संगीत?

रॉक हे गोऱ्यांचं संगीत आहे, हे बाजाराने पसरवलेलं खोटं आहे. ते काळ्यांच्या ब्लूजमधून जन्मलं. कापसाच्या शेतात, रेल्वेच्या कामावर, तुरुंगाच्या मजुरीवर राबणाऱ्यांच्या गळ्यातून आलेलं हे संगीत गोऱ्या कंपन्यांनी गोऱ्या चेहऱ्यांवर चढवून विकलं. कलेची निर्मिती खालच्यांची आणि मालकी वरच्यांची, हा प्रकार आपल्याला नवा नाही. लावणी, तमाशा, हलगी, संबळ कोणी जगवले आणि 'महाराष्ट्राची लोककला' म्हणून सत्कार कोणाचे झाले, हे आपण पाहतोच.

'रेज' १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये उभा राहिला. गायक झॅक डी ला रोचा मेक्सिकन वंशाचा. त्याचे वडील बेटो हे 'लॉस फोर' या चिकानो चित्रकारांच्या गटात होते. १९७४ साली या गटाचं प्रदर्शन लॉस एंजेलिसच्या मोठ्या कला संग्रहालयात लागलं, तेव्हा चिकानो कलेला तिथे पहिल्यांदा दार उघडलं. टॉम मोरेलोचे वडील केनियाचे राजनैतिक अधिकारी, आई अमेरिकन शिक्षिका. मोरेलो हार्वर्डमध्ये राज्यशास्त्र शिकला, मग एका सिनेटरच्या कार्यालयात कामाला लागला. तिथे त्याने पाहिलं की साहेबांचा बहुतेक वेळ श्रीमंतांकडून निधी गोळा करण्यात जातो. बेसवर टिम कॉमरफर्ड आणि ड्रमवर ब्रॅड विल्क.

मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला बेदम मारहाण केली. कोणीतरी त्याचं चित्रीकरण केलं, जगाने ते पाहिलं. तरीही एप्रिल १९९२ मध्ये ज्युरीने त्या पोलिसांना दोषी धरलं नाही आणि शहर पेटलं. 'किलिंग इन द नेम' त्या काळाचं गाणं आहे. पोलिसांची वर्दी आणि वंशद्वेष्ट्यांच्या टोळ्या यांच्यातलं नातं ते उघडं करतं. खैरलांजी, खर्डा, सोनई ही नावं ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे गाणं समजायला इंग्रजीची फार गरज पडू नये.

मुखपृष्ठावरचे भंते

नोव्हेंबर १९९२ मध्ये बँडचा पहिला अल्बम आला. त्याच्या मुखपृष्ठावर एका बौद्ध भिक्खूंचा फोटो आहे. ते रस्त्यावर पद्मासनात बसले आहेत आणि पूर्ण पेटलेले आहेत. टी-शर्ट घालणाऱ्या शंभरातल्या किती जणांना हे भंते कोण, हे माहीत आहे? आपण बौद्ध म्हणवतो, तर आपल्याला तरी माहीत असायला हवं.

त्यांचं नाव थिक क्वांग डुक. दक्षिण व्हिएतनाममध्ये तेव्हा न्गो दिन्ह दियेम यांची राजवट होती. बहुसंख्य जनता बौद्ध परंपरेतली, सत्ता मात्र मूठभर कॅथलिक घराण्याच्या हातात. मे १९६३ मध्ये ह्युए शहरात बुद्धजयंतीला धम्मध्वज फडकवायला बंदी घातली गेली. लोकांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. हा ध्वज म्हणजे तुमच्या वस्तीतल्या विहारावर असतो तोच, निळा-पिवळा-लाल-पांढरा-केशरी. ११ जून १९६३ रोजी सायगावच्या एका चौकात थिक क्वांग डुक यांनी आत्मदहन केलं. पत्रकार मॅल्कम ब्राऊन यांनी काढलेला फोटो जगभर छापला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लष्करी उठावात दियेम यांची सत्ता गेली आणि ते मारले गेले.

आत्मदहनाचं मी समर्थन करत नाही. आपल्या चळवळीला जिवंत माणसं हवी आहेत, आणि आपण आधीच फार माणसं गमावली आहेत. सांगायचं आहे ते वेगळंच. एका ध्वजासाठी, धम्म पाळण्याच्या हक्कासाठी झालेला लढा कॅसेटच्या वेष्टनावर आला, तिथून टी-शर्टवर आला आणि टी-शर्टवर आल्यावर त्यातला इतिहास गळून पडला. उरला फक्त 'भारी फोटो'. बाबासाहेबांच्या फोटोचं आपणही हेच करत नाही का? गाडीवर स्टिकर, मोबाइलवर वॉलपेपर, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' कपाटात प्लास्टिकच्या वेष्टनात. पॉल रायनला हसण्याआधी एवढं तपासून घेऊ.

सोनीच्या पैशावर क्रांती?

या बँडवरचा सगळ्यात मोठा आरोप म्हणजे भांडवलशाहीविरुद्ध गाणारे हे लोक एपिक रेकॉर्ड्सचे, म्हणजे सोनी या महाकाय कंपनीचे नोकर होते. आरोपात तथ्य आहे. १९९१ मध्ये त्यांनी पहिली बारा गाण्यांची कॅसेट स्वतः काढली होती. वेष्टनावर शेअर बाजाराच्या बातम्यांची कात्रणं आणि चिकटवलेली एक आगकाडी. अशा सुमारे ५,००० कॅसेट त्यांनी विकल्या. त्यानंतर ते एपिककडे गेले. पहिल्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत ३० लाख प्रतींचा टप्पा ओलांडला गेला. 'ईव्हिल एम्पायर' (१९९६) आणि 'द बॅटल ऑफ लॉस एंजेलिस' (१९९९) हे दोन्ही अल्बम आल्या आल्या अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. बँडचं म्हणणं होतं, संदेश जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवायचा तर मोठं वितरण लागतं.

याच काळात वॉशिंग्टनचा 'फुगाझी' हा बँड उलट वाटेने गेला. त्यांच्या गायकाने मित्राबरोबर १९८० साली 'डिस्कॉर्ड' ही स्वतःची छोटी कंपनी काढली होती. तिकीट शक्यतो पाच डॉलर, कार्यक्रमात सगळ्या वयाच्या मुलांना प्रवेश, मोठ्या कंपन्यांना नकार. ते 'रेज'एवढे गाजले नाहीत, पण त्यांच्या गाण्यांची मालकी त्यांच्याच घरात राहिली.

मग बरोबर कोण? आपल्याकडे याचं उत्तर बाबासाहेबांच्या कामात आहे. बाबासाहेब गोलमेज परिषदेत गेले, मुंबईच्या कायदेमंडळात गेले, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. विरोधकांच्या सभागृहात जायला त्यांना कधी लाज वाटली नाही. पण त्याच वेळी १९२० मध्ये 'मूकनायक', १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' ही स्वतःची पत्रं त्यांनी उभी केली. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांचं भाषण अडवलं, तेव्हा 'जातिसंहार'चं ते भाषण त्यांनी स्वतः छापलं आणि पहिल्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. म्हणजे दुसऱ्याच्या सभागृहात जायचं, पण स्वतःचा छापखाना विकायचा नाही.

'रेज'कडे हा छापखाना नव्हता. ते कंपनीच्या दारातून आत गेले, पण मागे स्वतःचं घर बांधलं नाही. याचा उत्तम पुरावा २००९ चा. इंग्लंडमध्ये नाताळच्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर कोणतं गाणं असेल, याची मोठी चर्चा असते. टीव्हीवरच्या 'एक्स फॅक्टर' स्पर्धेचा विजेता सलग काही वर्षं तिथे बसत होता. एका जोडप्याने फेसबुकवर मोहीम काढली आणि सतरा वर्षं जुनं 'किलिंग इन द नेम' लोकांनी पाच लाखांहून जास्त वेळा डाउनलोड करून पहिल्या क्रमांकावर नेलं. बेघरांसाठी काम करणाऱ्या 'शेल्टर' संस्थेला निधी मिळाला. बँडने जून २०१० मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कात फुकट कार्यक्रम करून आभार मानले. सगळं छान. पण हरलेल्या गायकाची कंपनीही सोनीच्याच घरातली होती. म्हणजे जिंकलं तरी सोनी, हरलं तरी सोनी!

त्यांनी काय बरोबर केलं

एवढ्यावरून बँडला 'ढोंगी' म्हणून मोकळं होणारे सोयीस्कर विसरतात की या चौघांनी अनेक वेळा स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडलं.

१९९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या लोलापलूझा महोत्सवात ते मंचावर आले आणि गायलेच नाहीत. अंगावर कपडे नाहीत, तोंडाला चिकटपट्टी, चौघांच्या छातीवर एकेक अक्षर. गाण्यांवर सेन्सॉरशिप लादू पाहणाऱ्या वजनदार गटाच्या नावाची ती आद्याक्षरं होती. १४ मिनिटं ते तसेच उभे राहिले. चाहत्यांचाही संताप झाला. पण प्रश्न डोक्यात शिरला.

एप्रिल १९९६ मध्ये 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या टीव्ही कार्यक्रमाला त्यांना बोलावलं. त्या रात्रीचे सूत्रसंचालक होते स्टीव्ह फोर्ब्स, अब्जाधीश घराण्यातले आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे. बँडने स्पीकरवर अमेरिकेचे झेंडे उलटे लटकवले. कर्मचाऱ्यांनी धावत येऊन ते ओढून काढले, आणि एका गाण्यानंतर बँडची रवानगी झाली. दुसरं गाणं झालंच नाही.

जानेवारी १९९९ मध्ये त्यांनी न्यू जर्सीत मुमिया अबू-जमाल यांच्या बचावनिधीसाठी मोठा कार्यक्रम केला. मुमिया हे माजी ब्लॅक पँथर आणि पत्रकार. पोलिसाच्या खुनाबद्दल त्यांना फाशीची शिक्षा झाली होती आणि तो खटला न्याय्य नव्हता, असं जगभरातल्या अनेकांचं म्हणणं होतं. पोलीस संघटनांनी आणि राजकारण्यांनी उघड विरोध केला, तरी कार्यक्रम झाला. पुढे ती फाशी टळली, जन्मठेप राहिली.

जानेवारी २००० मध्ये 'स्लीप नाऊ इन द फायर'च्या चित्रीकरणासाठी ते थेट वॉल स्ट्रीटवर उभे राहिले. दिग्दर्शक होते मायकेल मूर. शेअर बाजाराच्या इमारतीला भरदिवसा दरवाजे बंद करावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनासमोर लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी फुकट गाणं केलं. हे लक्षात घ्या. विरोध फक्त रिपब्लिकनांना केला नाही, 'कमी वाईट' म्हणून मतं मागणाऱ्यांच्या दारातही केला. आपल्या मतांवर दरवेळी हक्क सांगणाऱ्या पक्षांसमोर आपले कलावंत असे उभे राहतात का?

या सगळ्यात एक सूत्र आहे. त्यांचा राग मोघम नव्हता. शत्रूचं नाव, खटल्याचं नाव, इमारतीचा पत्ता सांगणारा राग होता. 'पीपल ऑफ द सन' मेक्सिकोतल्या चियापासच्या आदिवासींच्या झापाटिस्टा लढ्याशी जोडलेलं आहे आणि डी ला रोचा स्वतः तिथे जाऊन आला होता. 'फ्रीडम'च्या व्हिडिओत तेव्हा तुरुंगात असलेले मूलनिवासी नेते लेनर्ड पेल्टियर यांचा खटला आहे. 'वेक अप' सांगतं की एफबीआयने काळ्यांच्या नेत्यांवर कशी पाळत ठेवली आणि त्यांना कसं संपवायचा डाव रचला.

आणि मेहनत. पहिल्या अल्बमवर त्यांनी छापलं की यात सॅम्पल, कीबोर्ड, सिंथेसायझर काही वापरलेलं नाही. डीजेच्या तबकड्यांसारखे ऐकू येणारे ते आवाज मोरेलोने गिटारच्याच बटणांतून आणि पेडलमधून काढले आहेत. राग आहे म्हणून कच्चं चालेल, ही सवलत त्यांनी घेतली नाही. आपल्यातल्या नवकवींनी आणि रॅपर मित्रांनी हे फळ्यावर लिहून ठेवावं.

आणि कुठे कोसळले

अधिवेशनासमोरच्या त्या कार्यक्रमानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २००० मध्ये डी ला रोचाने बँड सोडला. कारण काय दिलं? निर्णय घेण्याची आमची पद्धतच मोडून पडली आहे. सरकारने त्यांना तोडलं नाही, सोनीने तोडलं नाही. चार माणसांना एकत्र बसून निर्णय घेता आला नाही.

पुढच्या वर्षी ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या रेडिओ कंपनीने तेव्हा न वाजवण्याजोग्या गाण्यांची यादी फिरवली. बाकीच्यांची एखाद-दोन गाणी, 'रेज'ची मात्र सगळी. अफगाणिस्तान आणि इराकची युद्धं आली. ज्या काळात या आवाजाची सगळ्यात जास्त गरज होती, त्या काळात बँड अस्तित्वात नव्हता. त्याहून भयंकर म्हणजे ग्वांटानामोच्या तुरुंगात कैद्यांच्या छळासाठी मोठ्या आवाजात जी गाणी वाजवली गेली, त्यांत त्यांचीही गाणी असल्याची माहिती पुढे आली. मोरेलो आणि इतर कलावंतांनी २००९ मध्ये त्याविरुद्ध आवाज उठवला. विद्रोहाचं गाणं छळाचं हत्यार झालं! गाणं स्वतःचं रक्षण करू शकत नाही. त्यामागे संघटना नसेल तर ते कोणाच्याही हातात जातं.

२००७ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, पण नवा अल्बम आला नाही. २०२२ चा दौरा डी ला रोचाच्या पायाच्या दुखापतीने अर्धवट राहिला. त्या दौऱ्यातही गर्भपाताच्या हक्कासाठी काम करणाऱ्या संस्थांना त्यांनी ४,७५,००० डॉलर दिले, हे नोंदवायला हवं. २०२३ मध्ये त्यांना 'हॉल ऑफ फेम'चा सन्मान मिळाला, तेव्हा चौघांपैकी एकटा मोरेलो हजर होता. जानेवारी २०२४ मध्ये विल्कने सांगितलं की आता कार्यक्रम होणार नाहीत.

रिपब्लिकन पक्षाच्या गटांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कहाणी ओळखीची वाटेल. १९५७ मध्ये पक्ष स्थापन झाला आणि त्यानंतर फुटींची मोजदाद करायला वही पुरत नाही. दलित पँथर १९७२ मध्ये उभी राहिली. अमेरिकेच्या ब्लॅक पँथरचं नाव तिने अभिमानाने घेतलं, सगळ्या महाराष्ट्राला हादरवलं आणि काही वर्षांतच ती फुटली. राग कमी पडला नव्हता. एकत्र बसून निर्णय घेण्याची पद्धत कमी पडली. ब्लॅक पँथरची बंदूक आणि काळं जॅकेट सगळ्यांना आठवतं. पण त्यांनी १९६९ पासून गरीब मुलांना शाळेआधी फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली, हे कितीजणांना आठवतं? एफबीआयला त्या नाश्त्याचीही धास्ती होती. रोज सकाळी मुलांना जेवू घालणारी संघटना मोडणं अवघड असतं, हे सरकारला कळत होतं.

मग आपण काय करायचं?

आपल्याकडे गाण्याची कमी कधीच नव्हती. भीमराव कर्डकांचे जलसे होते, वामनदादा कर्डकांची गाणी घराघरांत आहेत. शाहीर विलास घोगरे यांनी रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर, जुलै १९९७ मध्ये, जीवन संपवलं. कबीर कला मंचाच्या कलावंतांना सप्टेंबर २०२० मध्ये अटक झाली आणि त्यांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली. इथलं 'मशीन' आपल्या गायकांना 'हॉल ऑफ फेम' देत नाही, कोठडी देतं. म्हणून आपल्याला 'रेज'पेक्षा जास्त पक्की तयारी लागेल.

पहिलं, गाण्याची मालकी. वस्तीतल्या जुन्या गायकांची गाणी रेकॉर्ड करा, पण गायकाचं आणि कवीचं नाव, साल, गाव नोंदवून. यूट्यूब चॅनेलचं उत्पन्न कोणाला जातं, याचा हिशेब मंडळासमोर ठेवा. जयंतीच्या दिवशी लाखो लोक ऐकतात ते गाणं ज्याने लिहिलं, त्याच्या म्हातारपणी औषधाला पैसे नसतील तर आपल्यात आणि कंपन्यांत फरक काय?

दुसरं, कार्यक्रमाला टेबल. १४ एप्रिलला डीजेवर जेवढा खर्च होतो, त्याचा एक हिस्सा पुस्तकांच्या टेबलाला, एक ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये कायदेशीर मदत देणाऱ्या वकिलांच्या टेबलाला आणि एक शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देणाऱ्या टेबलाला द्या. नाचायला आलेला मुलगा फॉर्म भरून घरी जाऊ दे.

तिसरं, तुरुंगात किंवा कोर्टात अडकलेल्या कलावंतांच्या घराला आधार. दरमहा, ठरलेल्या रकमेचा. निषेधाचं पत्रक काढून घर चालत नाही.

चौथं आणि सगळ्यात अवघड, निर्णयाची पद्धत. तुमच्या गटात, मंडळात, बँडमध्ये मतभेद झाला तर तो कसा सोडवायचा, हे आज लिहून ठेवा. बैठकीची वही ठेवा. बायकांना त्या बैठकीत मत असू द्या, फक्त चहा नको. बाबासाहेबांनी शिका, संघर्ष करा आणि संघटित व्हा, हे एकत्र सांगितलं. आपण मधला शब्द उचलला आणि दोन्ही बाजूंचे सोडून दिले.

'रेज' जरूर ऐका. मोठ्या आवाजात ऐका. मुखपृष्ठावरच्या भंतेंचं नाव लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी तो टी-शर्ट घातलेला कोणी 'मेरिट'चं प्रवचन द्यायला लागला, तर त्याला ते नाव विचारा. आणि मग आपल्या मंडळाच्या बैठकीला वेळेवर जा.

जयभीम!